नळी कुठं बोलते

ती तक्रार मी केली होती.

हे वाक्य कुणाला ऐकू जाईल असं मी आजवर बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर नाही. बावीस वर्षं झाली. मी फिजिक्सचा मास्तर आहे, तोंडून रोज शेकडो वाक्यं जातात. हे एक तेवढं गेलं नाही. त्या तक्रारीमुळे एका माणसाच्या सेवापुस्तकात शेरा पडला. तो माणूस आज सत्तरीच्या आसपास आहे, आणि शेरा अजून तिथंच आहे.

अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेव्हा नवा लागलो होतो. शिक्षणसेवक. तीन वर्षं नीट पार पडली तर पक्की नोकरी, नाहीतर परत हिवरखेड आणि बापाचं शेत. प्रयोगशाळेत जे परिचर होते ते माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. मूळचे पातूरचे, अकोल्यात जुन्या शहरात राहायचे. मुलं, शिक्षक, प्राचार्य, सगळेच त्यांना चाचा म्हणत. त्यांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. चाचांनी स्वतः कधी वाद्य हातात धरलं नाही, पण कान बापाचा घेऊन आले होते.

पहिल्याच आठवड्यात मी नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, टेबलाच्या कडेवर आपटला. चाचा दुसऱ्या टोकाहून धावत आले.

"काहून मारून राहिले सर त्याले? त्यानं काय केलं तुमचं?"

"वाजवतोय, चाचा."

"वाजवा ना. मारू नका." त्यांनी पायातली रबरी चप्पल काढली आणि टाचेवर काटा असा टोलवला, की जणू नुसता पुसला. "टेबलावर मारला तं बोंबलते. चपलेवर मारला तं गाते. घ्या."

मग त्यांनी मला नळीपाशी नेलं. माणसाच्या छातीएवढी उंच काचेची नळी, मागे सागवानी फळी, फळीवर सेंटीमीटरची पट्टी. खालून रबरी नळीनं जोडलेलं पाण्याचं भांडं. भांडं खाली घेतलं की काचेतलं पाणी उतरतं आणि पाण्यावरचा हवेचा खांब लांब होतो. काटा वाजवून नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाणी हळूहळू उतरवत राहायचं. काही होत नाही. आणखी उतरवा, काही होत नाही. आणि एका जागी नळी तो आवाज उचलते. डासाएवढा आवाज खोलीभर होतो. बोटभर खाली गेलात की पुन्हा सगळं गप्प, ते थेट आणखी खोल दुसरी जागा येईपर्यंत.

मी एम.एस्सी. झालेला होतो. हा प्रयोग मी केलेला होता, म्हणजे जर्नलमध्ये लिहिलेला होता. खराखुरा ऐकला तो त्या दिवशी. ना वीज, ना कुठला पडदा, ना तार. फक्त हवेच्या खांबाची लांबी जुळली, आणि त्या कोंडलेल्या हवेनं बाहेरचा आवाज ओळखून त्याला साथ द्यावी तसं झालं. मी तीनदा करून पाहिलं. चाचा शेजारी उभे राहून हसत होते.

पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. चाचा म्हणायचे, नळी बोलते. "सर, आज नळी कुठं बोलते, पाह्यलं का?" असं ते सकाळी विचारायचे, नळाला पाणी आलं का हे विचारावं तितक्या सहज.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवायचं. त्यात एक ओळ असते, खोलीचं तापमान. तिथं सत्तावीस लिहिलेलं असायचं. जानेवारीत सत्तावीस, मार्चात सत्तावीस, बाहेर डांबर मऊ पडलेलं असलं तरी आत सत्तावीस. कोणत्या गावच्या कोणत्या मास्तरानं ते पहिल्यांदा लिहिलं, देव जाणे. थर्मामीटर फुटतात म्हणून ते कपाटात कुलपात. मीही मुलांना सत्तावीसच सांगितलं, आणि त्यावरून उलटं गणित मांडून रीडिंगसुद्धा सांगून टाकलं. नळी दुसऱ्यांदा बोलते ती लांबी एकोणपन्नास पूर्णांक नऊ सेंटीमीटर, घ्या लिहून. मुलांनी लिहून घेतलं. नळीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पट्टीच्या दोन्ही अंगांना, फळीवर, पेन्सिलच्या बारीक रेघा होत्या. डावीकडे काही, उजवीकडे काही. प्रत्येकीशेजारी उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मी त्या पाहिल्या होत्या आणि चाचांना विचारलं नव्हतं. तिथं मराठी असती तर "चाचा, हे काय लिहिलंय?" म्हणून मी मोकळा झालो असतो. उर्दू होतं, मला वाचता येत नव्हतं, म्हणून ते मला लपवलेलं वाटलं. हे लिहिताना आज मान खाली जाते. तेव्हा मी त्याला सावधपणा समजत होतो.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून उत्तरपत्रिका चाळत होते.

"काय हो सर, तुमच्या साऱ्या पोरांची नळी एकोणपन्नास पूर्णांक नऊलाच वाजते? एकाचीही इकडची तिकडं नाही? मोठी शिस्तीची नळी दिसते."

हसत विचारलं, पण प्राचार्यांसमोर विचारलं. माझ्या मान्यतेची फाइल त्याच प्राचार्यांकडे होती. मी म्हणालो, "फळीवर खुणा आहेत, सर. परिचरानं केलेल्या."

एवढंच. त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

प्राचार्यांनी नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. "लेखी द्या. नाव टाकू नका, तुम्ही नवे आहात." मी लिहिलं, परिचर हे विद्यार्थ्यांना फळीवरील खुणांद्वारे उत्तरे पुरवितात. खाली सही केली नाही.

त्याच संध्याकाळी मी प्रयोगशाळेत मागे थांबलो आणि पॉलिश पेपरनं त्या रेघा घासून काढल्या. पुढच्या मुलांना मोह नको, असं स्वतःला सांगत होतो. खरं कारण हे, की इतक्या सगळ्या रेघांवरून साऱ्या वर्गाला एकच उत्तर कसं मिळालं, असं कुणी शहाण्यानं विचारलं असतं तर बोट माझ्याकडेच वळलं असतं. ते मला दिसत होतं. म्हणून घासल्या. पाच मिनिटं लागली. लाकडाचा पिवळा भुगा हाताला लागला तो मी पँटला पुसला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी फळीवरून बोट फिरवलं. "सर, फळी कोनं घासली?"

"परीक्षेचा नियम आहे, चाचा."

"असन," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, काही तक्रार नसल्यासारखे, "लय दिवसाच्या होत्या हो."

मार्चात त्यांची बदली झाली. संस्थेचं दुसरं कॉलेज अमरावतीला, तिथं प्रयोगशाळेत आधीच माणूस होता. चाचांना घंटा मिळाली. घंटा म्हणजे व्हरांड्यात साखळीनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तास संपला की त्यावर लोखंडी दांडक्यानं टोल द्यायचे. घर अकोल्यातच, रोज सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून सिटी बस, संध्याकाळी परत. सेवापुस्तकात शेरा पडला, परीक्षेतील गैरप्रकारास साहाय्य. निघताना मला भेटायला आले. "त्या चष्मेवाल्या साहेबाले वाटलं असन मी कॉपी पुरवतो. त्याचा काय दोष? तुमी मात्र काटा टेबलावर मारू नका, सर."

मे महिन्यात सामानाच्या तपासणीसाठी मला एकट्याला प्रयोगशाळेत जावं लागलं. दुपार होती. खिडक्या बंद, पंखा गरम हवा ढवळत होता. प्रत्येक वस्तू चालते का ते पाहायचं होतं, म्हणून मी नळी लावली. पाणी एकोणपन्नास पूर्णांक नऊवर आणलं, काटा वाजवून तोंडाशी धरला. नळी मुकी. पुन्हा वाजवला. मुकी. मला वाटलं रबरी नळी गळते आहे. मग पाणी उतरवत गेलो. पन्नास. साडेपन्नास. एक्कावन्न ओलांडलं, आणि नळी अशी बोलली की मी दचकलो.

कपाट उघडून थर्मामीटर काढला. बेचाळीस.

कागद घेऊन बसलो. गरम हवेतले कण जास्त जोरानं धावतात. एकाचा धक्का दुसऱ्याला लवकर पोचतो, आणि आवाज म्हणजे काय, तर तो हातोहात गेलेला धक्काच. हवा एक अंशानं तापली की आवाज सेकंदाला साधारण साठ सेंटीमीटर जास्त चालतो. काटा मात्र पूर्वीइतक्याच वेळा थरथरतो. म्हणजे प्रत्येक लाट लांब होते, आणि लांब लाटेला लांब नळी लागते. हे सगळं मला येत होतं. परीक्षेत मी हे लिहून पहिला आलो होतो. पुस्तकात आवाजाचा वेग तीनशे बत्तीस मीटर दिलेला असतो, शून्य अंशाला. अकोल्यात शून्य अंश कधी आलंच नाही. माझ्या त्या बंद खोलीत आवाज तीनशे पंचावन्नच्याही वर धावत होता, आणि मी वर्षभर मुलांना दुसऱ्याच कुठल्या तरी गावचा आवाज शिकवत होतो.

तेव्हा कुठं त्या रेघा आठवल्या. डावीकडच्या किती? सहा. उजवीकडच्या? सहा. बारा. महिने बारा असतात. एवढं मोजायला मला तीन महिने लागले.

डावी रांग तापत जाणाऱ्या महिन्यांची, उजवी निवत जाणाऱ्या. डावीकडे वरच्या रेघा एकमेकींना चिकटून होत्या, थंडीतल्या. खाली अंतर वाढत गेलं होतं, मार्च, एप्रिल, मे. उजवीकडे सगळ्यात खालच्या रेघेनंतर एकदम मोठी उडी वर होती. मला आठवतं, ती उडी पाहून मला वाटलं होतं की मधली एखादी खूण पुसली गेली असेल. नव्हती पुसली. तो पाऊस होता. जूनच्या तापलेल्या हवेतून जुलैच्या ओल्या, निवलेल्या हवेत आवाज आला तेव्हा एवढा मागे सरकला होता. आणि सगळ्या रेघा दोन-दोन, तीन-तीनदा गिरवलेल्या होत्या, म्हणजे चाचांनी हे एकाच वर्षी केलेलं नव्हतं. दरवर्षी तोच महिना आला की ते पुन्हा पाहत होते, नळी तिथंच बोलते का. कॉलेजला सुट्टी असताना, काचा पुसायला आलेला माणूस चपलेच्या टाचेवर काटा टोलवून एकटा ऐकत उभा राहिला होता. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला दाखवायचं नव्हतं.

अकोल्याच्या हवेतून आवाज वर्षभर कसा चालतो, हे त्या फळीवर लिहिलेलं होतं. मी ते पँटला पुसलं.

त्याच दिवशी अमरावतीला जाऊन सांगायला हवं होतं. मी केलं ते असं: पुढचं वर्षभर मुलांना घेऊन दर महिन्याला रीडिंग घेतलं. खरं तापमान, खरी लांबी. त्याचा मोठा आलेख काढला. आणि एप्रिलमध्ये विज्ञान शिक्षकांची कार्यशाळा होती, तिथं तो गुंडाळून घेऊन निघालो. कार्यशाळा अमरावतीला होती, चाचा घंटा वाजवत त्याच कॉलेजात.

एसटीनं गेलो. मूर्तिजापूर मागे टाकलं, ऊन चढलं, आणि पुढच्या रस्त्यावर पाणी साचलेलं दिसायला लागलं. जवळ गेलं की नाही, पुढे पुन्हा आहे. लहानपणापासून पाहिलेलं. पण त्या दिवशी डोक्यात नळी होती, म्हणून मी ते नव्यानं पाहिलं. डांबरालगतची हवा जास्त गरम, विरळ. प्रकाशही तिथं जरासा भरभर चालतो. लाटेचं खालचं टोक पुढं पळतं, वरचं मागं राहतं, आणि सबंध लाट वर वळते. रस्त्यावर दिसतं ते पाणी नसतं, ते वळून डोळ्यात आलेलं आभाळ असतं. आवाजाचंही दुपारी तेच होतं. आई बांधावरून जेवायला हाक मारायची, भर उन्हात ती मला ऐकू यायची नाही, आणि "बहिरा झाला का रे?" म्हणून मी बोलणी खायचो. दिवेलागणीला तीच हाक तिप्पट अंतरावरून यायची. आई दुपारी कमी जोरात हाक मारत नव्हती. जमिनीलगतच्या तापल्या हवेत तिची हाक वर वळून माझ्या डोक्यावरून जात होती. प्रकाश आणि आवाज, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन गोष्टी. एकाला चालायला हवा लागते, दुसऱ्याला काहीच लागत नाही, तो सूर्यापासून आठ मिनिटांत रिकाम्यातून येतो. आणि वऱ्हाडातल्या उन्हात दोघंही एकाच रीतीनं वळतात. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला हे सांगावंसं वाटलं. तो झोपला होता.

कार्यशाळेत आलेख फार आवडला. टाळ्या झाल्या. एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "कल्पना कशी सुचली?"

"सहज," मी म्हणालो. "एकदा मे महिन्यात लक्षात आलं."

चाचा चहाचा टोल देऊन दाराशी येऊन उभे होते. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते आलेखाकडे पाहत होते, डोळे बारीक करून. मग एकदम चेहरा उजळला.

"सर, जुलैत मांगं येते ना?"

सभागृहात हशा झाला. "अरे वा, चाचालेही फिजिक्स येते! घंटेचाही आलेख काढा आता, चाचा," कुणीतरी म्हणालं.

"येते ना, सर?" त्यांनी पुन्हा विचारलं, हशाकडे लक्ष न देता.

"हो," मी म्हणालो. "येते मागं."

"मले माहीतच होतं. आमचे अब्बा म्हणत, मे महिन्याच्या लग्नात बाजा चढते, पाऊस पडला का उतरते. मंग नळी कशी नाही उतरणार?" त्यांना इतका आनंद झाला होता की मला वर पाहवेना. माझी गोष्ट चोरली, असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपण जे ऐकलं ते खरं होतं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. ते कागदावर कुणाच्या हातचं आहे याची त्यांना पडलेली नव्हती. मी आलेख गुंडाळला आणि चहाला गेलो.

तेव्हापासून मी चांगला शिक्षक झालो, असं लोक म्हणतात. माझ्या वर्गात थर्मामीटर कुलपात नसतो. सत्तावीस लिहिलेलं जर्नल मी परत करतो. यातलं काहीही चाचांच्या सेवापुस्तकात जात नाही.

यंदा दिवाळीनंतर मी पातूरला गेलो. निवृत्तीनंतर ते तिथं भावाच्या घराशेजारी राहतात. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. बॅगेत एक नादकाटा घेतला होता, भेट म्हणून. चाचांच्या दोन्ही कानांत मशीन होतं.

"रेल्वेचा रूळ आहे तो, सर. दहा वर्षं त्याच्याखाली उभा राह्यलो. त्याचा आवाज हाडात जाते." दोष दिल्यासारखं नाही, रुळाचं कौतुक केल्यासारखं. "पाखरं नाही ऐकू येत आता. बायकोची किरकिर तेवढी येते."

"मले सारं ऐकू येते!" आतून आवाज आला.

"पाहा, तिले येते. मशीन मले, कान तिले."

चहा झाला. पेन्शन वेळेवर येते म्हणाले, अल्लाचा शुक्र. मग कप खाली ठेवत, "तेवढा एक शेरा राह्यला सर. मी पोरायले उत्तरं नाही सांगितली कधी. कॉपीवाला म्हणून मराचं नाही मले. तुमची वट आहे आता, कोन्या साहेबाले म्हणून पाहा ना. मरायच्या आंधी खोडला तं बरं."

मी "पाहतो" म्हणालो. आणि नादकाटा काढून दिला.

त्यांनी तो दोन बोटांत तोलला, गुडघ्यावर टोलवला, कानाशी नेला. मशीन शिट्टी मारायला लागलं. "हे हरामखोर ऐकू देत नाही," म्हणत त्यांनी दोन्ही मशीनं काढून खाटेवर ठेवली, काटा पुन्हा वाजवला आणि त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. डोळे मिटले. काट्याचं थरथरणं हाडातून आत चाललं होतं. हवेचं काम नव्हतं, पडद्याचं काम नव्हतं. चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, आणि मी पाहत राहिलो. जगातल्या सगळ्या भिंतींतून लाटा अशाच वाट काढत असतील.

तेव्हा मी म्हणालो, "चाचा, ती तक्रार मी केली होती."

नेहमीच्या आवाजात म्हणालो, त्याहून जरा हळूच. मशीनं खाटेवर होती हे मला दिसत होतं. म्हणूनच म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. माझे ओठ हललेले त्यांना दिसले असावेत. मशीन कानात घालत त्यांनी विचारलं, "काही म्हणले का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

माझ्या नोकरीची अजून सहा वर्षं आहेत. गप्प बसण्याचं कारण म्हणून ती पुरेशी नाहीत, हे मला कळतं. संस्थेला मी माझ्या सहीचं पत्र देणं लागतो, की ती उत्तरं मी सांगितली होती आणि चाचांच्या रेघा म्हणजे मोजमाप होतं, ते मी पुसलं आणि पुढे स्वतःचं म्हणून दाखवलं. चाचांना मी ते एक वाक्य देणं लागतो, त्यांना ऐकू जाईल असं. दोन्ही अजून दिलेलं नाही.